हवा तापली, पाऊस बिथरला

(मस्तगड, जालना येथे साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आपण मस्तगडापाशी जमलो आहो. कोणी बदनापूरकडून आले आहेत, कोणी परतूरकडून, कोणी अंबडकडून. उन्हातान्हातून आलात. आधी पाणी प्या. मग बोलू.

प्यालात? बरे झाले. आता ह्या पाण्यापासूनच सुरुवात करू.

जालना शहराला पाणी येते ते दोन ठिकाणांहून. एक घाणेवाडीचा तलाव. तो निजामाच्या राज्यात बांधला गेला. दुसरे पैठणचे जायकवाडी धरण. तिथून लांबलचक नळाने गोदावरीचे पाणी इथवर आणले आहे. पण त्याच्याही पूर्वी, सुमारे चारशे वर्षांमागे, जमशेदखान नावाच्या सरदाराने इथे मोती तलाव बांधला. तलावातून जमिनीखालून नळ काढले आणि गावात हौद बांधून त्यांत ते पाणी सोडले. तेव्हा वीज नव्हती, पंप नव्हता. पाणी उतारानेच गावात येत असे.

आणि हा मस्तगड पाहा. १७२५ साली काबिलखानाने तो बांधला. तसा फारसी लेख दरवाजावर होता, असे जुने गॅझेटियर सांगते. बांधणाऱ्यांनी तटाला बुरूज घातले, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गडाच्या आत त्यांनी मोठी विहीर खोदली आणि तिला लागून दालने केली. का बरे? गडाला वेढा पडला तर दारूगोळा महिनाभर पुरेल. पण पाणी संपले, तर चार दिवसांत दरवाजा उघडावा लागेल. हे त्यांना ठाऊक होते.

आज आपल्याला एक निराळाच वेढा पडला आहे. त्यात घोडे नाहीत, तोफा नाहीत. डोळ्यांना काही दिसत नाही. हा वेढा तापलेल्या हवेचा आहे. तो कसा पडला, त्याने आपले काय बिघडते आणि आपण काय करायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

थंडीच्या दिवसांत आपण वाकळ पांघरतो. वाकळीत काही विस्तव नसतो. मग ऊब कुठून येते? ऊब आपल्याच अंगाची. वाकळ ती बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. पृथ्वीलाही अशीच एक वाकळ आहे. दिवसा ऊन पडते, जमीन तापते. रात्री ती ऊब आभाळात परत जाऊ लागते. हवेतले काही वायू त्यातली थोडी ऊब अडवून धरतात. हे चांगलेच आहे. ही वाकळ नसती तर पृथ्वी गोठून गेली असती. ना ज्वारी पिकली असती, ना कापूस.

ह्या वायूंतला एक म्हणजे कर्बवायू. त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतात. आपण श्वास सोडतो त्यात तो असतो. झाडे तोच वायू खाऊन वाढतात. लाकूड, दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की तो बाहेर पडतो. दगडी कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीच्या पोटात पुरलेले होते. गेल्या दोनशे-अडीचशे वर्षांत माणसाने ते उकरून जाळायला सुरुवात केली. गिरण्या चालवल्या, आगगाड्या चालवल्या, वीज केली. त्याचा पुष्कळ फायदा झाला, नाही कोण म्हणतो? पण वायू गेला कुठे? काही समुद्राने घेतला, काही झाडांनी आणि मातीने घेतला. उरलेला हवेतच राहिला.

पूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे २८० भाग होते. आता ४२० च्या वर गेले आहेत. म्हणजे वाकळीवर आणखी अर्धी वाकळ चढली. कोळसा जाळत राहिल्यास हवा तापेल, असा हिशोब स्वीडन देशातल्या अऱ्हेनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १८९६ सालीच कागदावर मांडला होता. तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही.

आता हवा किती तापली? कोळशाचा धूर सुरू होण्यापूर्वी होती तिच्यापेक्षा २०२४ साली साऱ्या पृथ्वीची सरासरी दीड अंशाच्याही थोडी वर गेली. मोजमाप सुरू झाल्यापासून इतके तापलेले वर्ष त्याआधी झाले नव्हते. तुम्ही म्हणाल, दीड अंश म्हणजे काय मोठे? चैत्रात आणि वैशाखात तर एका दिवसातच पंधरा अंशांचा फरक पडतो. खरे आहे. पण घरात मूल तापले आणि डॉक्टरने काच लावली, तर काय होते? अंगाचा आकडा दीड अंश चढला म्हणजे जुन्या मापाने ९८ चे १०१ झाले. तेवढ्याने मूल खेळायचे थांबते, जेवत नाही, रात्रभर बरळते. आईला झोप येत नाही. पृथ्वीचा ताप हा असा सरासरीचा ताप आहे. एका दुपारच्या उन्हाशी त्याची बरोबरी करू नये.

मागे एका वर्गात आम्ही हेच सांगत होतो. मागे बसलेले एक आजोबा उठले. म्हणाले, "गुरुजी, दुष्काळ काय आत्ताच पडायला लागले का? आमच्या बापजाद्यांनी काय कमी दुष्काळ पाह्यले? तवा कुठं व्हता हा धूर?"

प्रश्न नेमका होता. त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. दुष्काळ पूर्वीही पडत. १३९६ साली सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे टिकला, असे सांगतात. १९७२ चा दुष्काळ तर तुमच्यापैकी काहींनी डोळ्यांनी पाहिला आहे. खडी फोडायची, नाले-तलावांची माती वाहायची, सुकडी खायची. परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, तिच्या भाकरी थापायच्या. आमचा भाग पावसाच्या बाबतीत पहिल्यापासून तोकडाच. वर्षाला सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर. ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि आपल्याकडे येतात ते हलके होऊन. तेव्हा सगळे पाप हवेच्या माथी मारू नये.

पण एक फरक ध्यानात घ्या. १९७२ साली धान्य नव्हते, पण पुष्कळ गावांच्या विहिरींना पाणी होते. २०१२ सालच्या दुष्काळात दुकानात धान्य होते, पाणीच नव्हते. घाणेवाडीचा तलाव आटला. जालना शहर टँकरवर आले. हे का झाले? एक तर मधल्या चाळीस वर्षांत आपण जमिनीला बोअरची भोके पाडली आणि तिच्या पोटातले पाणी उपसून काढले. ती चूक आपली, आपल्याच गावची. ती झाकून चालणार नाही. आणि दुसरे, हवा तापली की जमिनीतला ओलावा लवकर उडतो, तलावाचे पाणी लवकर आटते, पिकाला आणि जनावराला पाणी जास्त लागते. तोच दुष्काळ, पण त्याचा चटका वाढतो. कर्ज पूर्वीचेच असावे आणि सावकाराने व्याज वाढवावे, तसे हे आहे.

ह्या दुष्काळाने आपल्या जिल्ह्यात सर्वांत मोठा घाव घातला तो मोसंबीवर. जालन्याची मोसंबी नावाजलेली. २०१६ साली तिला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे जालन्याची मोसंबी ती जालन्याचीच, दुसऱ्याने ते नाव लावू नये. पण त्याच्या तीनच वर्षे आधी ह्याच जिल्ह्यात बागाच्या बागा वाळल्या होत्या. कापसाचे तसे नसते. कापूस गेला तर एक हंगाम जातो. मोसंबीचे झाड लावले की चार-पाच वर्षे त्याला लेकरासारखे सांभाळावे लागते, तेव्हा कुठे फळ धरते. लोकांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडांच्या बुडांशी ओतले. बाईने अंगावरचा दागिना मोडला, तो टँकरमध्ये गेला. शेवटी तेही परवडेना. मग कुऱ्हाड घेतली आणि झाडे तोडून सरपण केले. ज्याने लावले त्यानेच तोडले. अशी माणसे ह्या सभेतही बसली असतील. त्यांना आम्ही काय सांगावे?

आता पावसाचे पाहू. कारण नुसता दुष्काळ असता तर एक वेळ समजले असते. आता कोरडा आणि ओला हे दोन्ही एकाच घरात नांदू लागले आहेत.

ओले धोतर कुठे लवकर वाळते? उन्हात. तापलेली हवा पाणी जास्त पिते. शास्त्रज्ञांचा हिशोब असा की हवा एक अंश तापली की शंभराला सात ह्या प्रमाणात जास्त वाफ धरू शकते. मग होते काय, की ती पुष्कळ दिवस वाफ धरून बसते. आपण आभाळाकडे बघत बसतो. पीक माना टाकते. आणि एकदा सोडली की सगळी एकदम सोडते. जी झड पूर्वी आठ दिवस रिमझिमत राहायची, ती आता एका रात्रीत कोसळते. पुण्याला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी जुने आकडे तपासून २०१७ साली सांगितले की १९५० ते २०१५ ह्या काळात देशाच्या मधल्या पट्ट्यात दूरवर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आणि गंमत अशी की त्याच काळात तिथला एकूण पाऊस काही वाढला नाही. उलट घटला.

आमच्या वडीलधाऱ्यांचा सगळा हिशोब नक्षत्रांवर. मृगात पेरायचे. तरण्या पावसात कोळपायचे. हत्तीच्या पावसावर रब्बीची आशा धरायची. तो हिशोब खोटा नव्हता. शेकडो वर्षे पाहून बांधलेला होता. पण तो ज्या हवेवर बांधला, ती हवाच आता राहिली नाही. मृग कोरडा जातो आणि सोयाबीन काढायला आले की आभाळ फाटते.

फार लांबचे नको, ह्या पंधरा वर्षांचे बघा. २०१२ ला दुष्काळ. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट. गहू आडवा झाला, हरभरा गेला, पाखरे मेली. २०१५ ला परत पाऊस नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०२१ च्या सप्टेंबरात पूर. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा अतिवृष्टी. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात असा पाऊस झाला की नुसते पीक गेले नाही, खालची मातीही गेली. पीक गेले तर पुढच्या साली येईल. बोटभर काळी माती बनायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. ती एका रात्रीत ओढ्याने दुधनेत गेली, दुधनेतून पूर्णेत आणि पूर्णेतून गोदावरीत.

आणखी एक धोका आहे. त्याची बातमी होत नाही, म्हणून तो आम्ही मुद्दाम सांगतो. तो म्हणजे उन्हाचा. ऊन आपल्याला नवे नाही, पण आता रात्रीही उतरत नाही. दिवसभर तापलेले अंग रात्री निवावे लागते. पत्र्याच्या खोलीत ते निवत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस परत विटा वाहायला, कांदा काढायला, रोजगार हमीच्या कामावर जातो. २०१० च्या मे महिन्यात गुजरातेत अहमदाबाद शहरात उन्हाने एकाच महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उन्हाचा बंदोबस्त ठरवला. उद्या ऊन कडक असेल तर आज दवंडी. रस्त्यावर पाणपोया. दवाखान्यांत तयारी. गरिबांच्या पत्र्यांना पांढरा चुना. आपल्या देशात हे पहिल्यांदा त्यांनी केले. मग इतरांनी उचलले.

ऊन लागलेला माणूस कसा ओळखायचा? आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, पायांत गोळे येतात. तेव्हाच काम थांबवून सावलीत बसवावे. पाणी द्यावे. एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, ते थोडे थोडे पाजावे. पण माणूस बरळू लागला, अंग विस्तवासारखे तापले, शुद्ध हरपू लागली, तर हा साधा चटका नव्हे. ते जिवावरचे आहे. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, ओल्या फडक्याने पुसा, वारा घाला. मानेशी आणि काखेत गार पाण्याची फडकी ठेवा. आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जाते. देवऋषी, उतारा, लिंबू ह्यात वेळ घालवू नका. अशा रोग्याला वेळच नसतो.

मावश्यांना एक सांगणे. शेतात पुरुष झाडाआड जाऊन येतो. तुम्हाला आडोसा मिळत नाही, म्हणून तुम्ही दिवसभर पाणीच पीत नाही. आम्हाला हे ठाऊक आहे. उन्हाळ्यात ते फार महागात पडते. मुकादमाला सांगा, आडोसा कर. लाजायचे कारण नाही. आणि मुकादम मंडळींनी कामाची वेळ बदलावी. तांबडे फुटताना सुरू करावे, अकराला थांबवावे. उरलेले ऊन कलल्यावर.

आता कोणी विचारील, ही एवढी वाकळ चढवली कोणी? आम्ही तर चुलीपुरते जाळले.

ह्याचाही आकडा आहे. एका भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षाला सुमारे दोन टन कर्बवायू येतो. अमेरिकेतल्या माणसाच्या वाट्याला चौदा टनांच्या आसपास. आणि दोन टन ही सरासरी झाली. तीत शहरातला मोटारवाला आला आणि पालात राहणारा ऊसतोड कामगारही आला. त्या कामगाराचा वाटा किती असेल, ते तुम्हीच ताडा. म्हणजे जेवले एक आणि पत्रावळी उचलायला दुसरे. ही गोष्ट अन्यायाची आहे आणि ती मोठ्याने बोलली पाहिजे. २०१५ साली फ्रान्समध्ये पॅरिस शहरी जगातली राष्ट्रे जमली आणि पृथ्वीचा ताप दोन अंशांच्या पुष्कळ खाली रोखायचा, जमल्यास दीड अंशावरच, असा करार त्यांनी केला. करार चांगला आहे. पाळणे मंद आहे.

पण म्हणून आपण हात झाडून मोकळे व्हावे काय? आपल्या जालन्यात लोखंडाच्या सळया होतात. भट्ट्या विजेवर चालतात. आपल्या विजेचा मोठा भाग आजही दगडी कोळशातून येतो. जवळच बीड जिल्ह्यात परळीचे वीज केंद्र आहे, तेही कोळशाचे. २०१३ च्या फेब्रुवारीत ते बंद ठेवावे लागले. का? केंद्राला पाणीच नव्हते! ज्या धुराने हवा तापते, ती धुराची चूलही पाण्यावाचून विझली. ह्या गोष्टीचा आम्ही पुष्कळदा विचार करतो.

तेव्हा कामे दोन आहेत. वेढा पडलाच आहे, तर आत पाण्याची सोय करायची. आणि वेढा आणखी आवळणार नाही, म्हणून धूर कमी करायचा.

पहिले काम आपल्या हातातले आहे. त्यासाठी लांब जायला नको. आपल्याच जालना तालुक्यात कडवंची नावाचे गाव आहे. माळरान, उताराची जमीन, कोरडवाहू शेती. १९९६ साली तिथे पाणलोटाचे काम सुरू झाले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने वाट दाखवली, गावाने अंग मोडून काम केले. माथ्यावर चर खणले, खाली बांध घातले, नाले अडवले. मग शेततळी झाली, एक-दोन नव्हे, शेकडो. द्राक्षाचे मळे उभे राहिले. २०१२ च्या दुष्काळात आसपासच्या बागा जळाल्या, कडवंचीच्या बागा शेततळ्यांवर तगल्या. कधी सवड झाली तर जाऊन या. सोयऱ्याकडे गेल्यासारखे जा आणि विचारा, पहिल्या वर्षी गावात भांडणे किती झाली आणि ती मिटवली कशी. चर कसे खणायचे ते पुस्तकात मिळते, हे मिळत नाही.

शेततळ्याबद्दल मात्र एक कडू बोलायचे आहे. शेततळे पावसाच्या धावत्या पाण्याने भरायचे असते. काही जण विहीर आणि बोअर उपसून ते भरतात. म्हणजे जमिनीच्या पोटातले झाकलेले पाणी वर काढून उन्हात ठेवायचे. त्यातले कितीतरी उडून जाते. वर शेजाऱ्याची विहीर आटते. ही साठवण नव्हे, ही पळवापळवी आहे. ज्याने केले असेल त्याने राग मानू नये. पुढच्या साली करू नये.

घाणेवाडीचे उदाहरणही घ्या. दुष्काळाच्या त्या वर्षांत जालन्याच्या नागरिकांनी वर्गणी काढून तलावातला गाळ उपसला. शेतकऱ्यांनी तो स्वतःच्या खर्चाने आपल्या रानात नेला. तलाव खोल झाला, हलक्या जमिनी सुपीक झाल्या. एकाचा कचरा तो दुसऱ्याचे सोने. तुमच्या गावात निजामकाळचा किंवा १९७२ चा एखादा तलाव असेल. त्यात गाळ किती, हे उन्हाळ्यात बांबू घेऊन मोजा.

पेरणीचेही थोडे. सोयाबीन सपाट रानात न पेरता रुंद वरंबा आणि सरी पाडून पेरावे. पाऊस ओढ देतो तेव्हा सरीत ओल टिकते. धो-धो पडतो तेव्हा जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते. एका युक्तीत दोन्ही संकटे. सगळ्या रानात एकच पीक लावू नये. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकाव्यात. थोडी तरी ज्वारी ठेवावी, तिचा कडबा जनावराला होतो. हवामानाला तोंड देणारी शेती करता यावी म्हणून २०१८ साली सरकारने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला. जालना जिल्ह्यातली गावे त्यात होती. आपले गाव होते का, काय झाले, काय राहिले, हे कृषी सहायकाला विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरे काम धुराचे. पऱ्हाट्या आणि पाचट बांधावर पेटवून देऊ नका. तुकडे करून मातीत मिसळा. धूर होत नाही आणि मातीला ओल धरायची ताकद येते. डिझेलचा पंप असेल, तर सौरपंपाची चौकशी करा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही राज्य सरकारची योजना आहे. तिच्यात शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. बाकीचे सरकार भरते. दिवसा पाणी देता येते, रात्री विंचू-सापांत जावे लागत नाही. फक्त एक ध्यानात असू द्या. ऊन फुकट आहे म्हणून विहीर रिकामी होईतो पंप चालवू नये.

आणि मोठ्यांना सांगायचे तेही सांगा. ग्रामसभा वर्षातून अनेकदा भरते. तिथे उठून बोला. आता तुम्हाला लिहिता येते. आजवर तुमचा अर्ज दुसरा लिहायचा आणि तुम्ही अंगठा द्यायचे. अर्जात काय लिहिले, ते देव जाणे. आता अर्ज स्वतः लिहा. शाळेच्या पत्र्याला चुना द्या, गावात पाणपोई लावा, गायरानात झाडे लावा आणि तीन वर्षे जगवा. कागदावर झाडे लावणे फार सोपे असते. अर्जाची पोच घ्या.

आता शेवटचे काम. ते आजपासूनच करायचे आहे.

एक सरळ बुडाचा डबा घ्या. तोंड आणि बूड सारखे रुंद असले पाहिजे. रंगाचा रिकामा डबा चालेल. उघड्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, जमिनीत थोडा पुरून पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यात पट्टी उभी धरा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. वहीत तीन रकाने आखा. तारीख, नक्षत्र, मिलिमीटर. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. शून्य लिहायला चुकू नका, तेही मोलाचे आहे. महिन्यातून एकदा दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा आणि पाणी किती हातांवर लागले तेही मांडा.

हे कशाला, म्हणाल. हिशोब करून दाखवतो. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी. एका रात्रीत शंभर मिलिमीटर पडला, तर एका एकरावर चार लाख लिटर झाले. लातूरला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली तिला दहा टाक्या होत्या, आणि त्या सगळ्या मिळून पाणी होते पाच लाख लिटर. बघा, एका गाडीएवढे पाणी तुमच्या सव्वा एकरावर एका रात्रीत येते आणि सकाळपर्यंत ओढ्याला लागते! घराचे दोनशे चौरस फुटांचे पत्रे असतील, तर त्यांच्यावरून वर्षाला बारा हजार लिटरच्या आसपास पाणी वाहून जाते. पत्र्याला पन्हाळ आणि खाली टाकी, एवढेच लागते. आणि अतिवृष्टीचे पंचनामे होतात तेव्हा मंडळातल्या सरकारी यंत्राचा आकडा धरतात. तुमच्या शिवारात त्या यंत्रापेक्षा दुप्पट पडला असेल, तर ते सांगायला तुमच्याजवळ काय असते? तुमची वही सरकार लगेच मान्य करील, असे आम्ही म्हणत नाही. पण दहा गावांच्या दहा वह्या एकासारख्या एक निघाल्या, तर तलाठ्याला आणि तहसीलदाराला त्या उघडून पाहाव्या लागतील.

पट्ट्या आणि वह्या तिकडे मेजावर ठेवल्या आहेत. ज्याने त्याने एक-एक घ्यावी आणि पहिल्या पानावर आपले नाव व गावाचे नाव स्वतःच्या हाताने लिहावे. ज्यांना पट्टीवरच्या बारीक रेघा वाचायची सवय नाही, त्यांनी थोडे थांबावे. ह्या डब्यात पाणी ओतून आम्ही आत्ताच दाखवतो. या, पुढे या.